ख्रिस्ताच्या नावावर फुली?

प्रश्न : नाताळासाठी आमच्या धर्मग्रामातल्या तरुणांनी चर्चच्या फाटकावर लावायला इंग्रजी फलक करून आणला. त्यावर 'ख्रिसमस' हा शब्द पूर्ण न लिहिता आधी 'एक्स' हे अक्षर आणि त्याला जोडून 'मस' असे छापले आहे. काही ज्येष्ठांना ते मुळीच रुचले नाही. 'ख्रिस्ताच्याच सणाला ख्रिस्ताच्या नावावर फुली मारता?' असे ते विचारतात. मुले म्हणतात, हे नुसते संक्षिप्त रूप आहे आणि जगभर चालते. ख्रिस्ती माणसाने हे रूप वापरावे का? आणि मुळात तिथे 'एक्स' आला कुठून?
— एक वाचक, वसई तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते अक्षर तिथे कोणी आणि कशासाठी आणले, हा इतिहासाचा प्रश्न. आज ख्रिस्ती माणसाने ते वापरावे का, हा वागण्याचा. पहिल्याचे उत्तर पक्के देता येते आणि ते कळले की दुसऱ्याचा कडवटपणा पुष्कळ उतरतो. म्हणून आधी पहिला घेऊ.

फलकावरचे ते अक्षर दिसायला इंग्रजी 'एक्स' असले तरी कुळाने ग्रीक आहे. ग्रीक वर्णमालेत त्याला 'खी' म्हणतात. नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. हिब्रू भाषेतल्या 'मशीहा', म्हणजे 'अभिषिक्त', या शब्दासाठी ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस' हा शब्द वापरला गेला. त्याचे पहिले अक्षर खी, आणि ते लिहायचे दोन तिरप्या रेघा एकमेकींना छेदून. रोमन लोकांच्या लिपीत या उच्चाराला स्वतंत्र अक्षर नव्हते. त्यांनी 'सी' आणि 'एच' जोडून काम भागवले आणि तीच जोडी पुढे इंग्रजी स्पेलिंगमध्ये उतरली. जुन्या ग्रीकमध्ये खीचा उच्चार आपल्या 'ख'च्या अगदी जवळचा होता. त्यामुळे आपण ज्या 'ख'ने ख्रिस्त लिहितो तो आणि फलकावरचे ते अक्षर ही एकाच आवाजाची दोन रूपे आहेत. मुलांनी फलकावर ख्रिस्ताचे नाव पुसलेले नाही, त्याच्या नावाचे आद्याक्षर लिहिले आहे, भले त्यांना स्वतःला ते ठाऊक नसेल.

मग ज्येष्ठांना तिथे फुली का दिसली? कारण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना तशीच सवय लागलेली आहे. चुकलेल्या गणितावर मास्तर फुली मारतात, नको असलेले नाव फुलीने खोडतात. त्यात बीजगणिताची भर. तिथे 'एक्स' म्हणजे जे ठाऊक नाही ते. ही रीत फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथापासून रूढ झाली. त्यामुळे 'ख्रिस्ताला अज्ञात करून टाकले' अशीही तक्रार कधी कधी ऐकू येते. पण ख्रिस्ती लेखनिक खी हे अक्षर ख्रिस्तासाठी वापरू लागले त्यानंतर चौदाशे वर्षांनी देकार्तचे पुस्तक आले. नंतरच्या अर्थाचा दोष आधीच्या वापराला लावता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ख्रिस्ताचे नाव प्रथम आखूड केले कोणी? सर्वसाधारण समजूत अशी की व्यापाऱ्यांनी, नाहीतर धर्माची अडचण वाटणाऱ्या आधुनिकांनी. खरे उत्तर आहे : अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखनिकांनी, आणि तेही पवित्र शास्त्राच्या प्रती करताना.

संत पौलाच्या पत्रांची एक पपायरसवरची प्रत इ.स. २०० च्या आसपासची मानतात. तिची पाने आज डब्लिनमधल्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जपून ठेवली आहेत. तिच्यात 'देव', 'प्रभू', 'येशू', 'ख्रिस्त' हे शब्द सहसा पूर्ण लिहिलेले नाहीत. शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर, कधी मधले एखादे, एवढेच घ्यायचे आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढायची, अशी पद्धत. चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनाइटिकस या प्रसिद्ध चर्मपत्री बायबलातही हेच आढळते. पुढे 'आत्मा', 'क्रूस', 'स्वर्ग' असे शब्द या यादीत येत गेले आणि ती पंधराच्या घरात पोहोचली. लुडविग ट्राउबे या जर्मन अभ्यासकाने या पद्धतीला 'नोमिना साक्रा' म्हणजे 'पवित्र नामे' असे नाव दिले. त्याचा ग्रंथ १९०७ साली निघाला आणि तेव्हापासून तेच नाव रूढ आहे.

पपायरस महाग म्हणून जागा वाचवली असेल, असे कोणालाही वाटेल. मात्र जागा वाचवायची असती तर लांबलचक शब्द आधी छाटले असते. ते तर पूर्ण लिहिलेले असतात. छाट बसते ती मोजक्या, आधीच लहान असलेल्या शब्दांना, तीही भोवती ऐसपैस समास सोडलेल्या पानांवर. त्याहून बोलका पुरावा एका शब्दाच्या दोन वापरांत सापडतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की जगात पुष्कळ तथाकथित देव आणि पुष्कळ प्रभू असले तरी आपल्याला मात्र देव एकच आणि प्रभू एकच. जुन्या प्रतींत अशा ठिकाणी खोट्या देवांसाठी आलेला शब्द बहुधा अक्षर न् अक्षर लिहिलेला असतो आणि खऱ्या देवासाठी आलेला आखूड करून, वर रेघ देऊन. म्हणजे सामान्य शब्द पूर्ण आणि पूज्य शब्द संक्षिप्त. वाचणाऱ्याची नजर त्या रेघेवर अडावी, इथे नाव आहे हे त्याला कळावे, हा हेतू. देवाचे नाव लिहिताना यहुदी लेखनिक जी खास काळजी घेत, तिच्या प्रभावातून ही रीत आली असावी असे अनेक अभ्यासक मानतात.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. वडिलांना पत्र लिहिताना 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' असे लिहिणाऱ्या मुलाने साष्टांग नमस्कारात काटकसर केली, असे कोणत्याही बापाला वाटले नाही. उलट ती चार अक्षरे नसती तर वाटले असते.

इथेच आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. खी आणि त्यानंतरचे 'रो' (दिसायला इंग्रजी 'पी'सारखे) ही ख्रिस्त या नावाची पहिली दोन अक्षरे एकमेकांवर चढवून जे चिन्ह होते, ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावाशी जोडलेले आहे. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळच्या मिल्व्हियन पुलापाशी झालेल्या लढाईआधी त्याला दृष्टांत झाला आणि त्याने ख्रिस्ताची खूण सैनिकांच्या ढालींवर काढून घेतली, असे त्याच शतकातले लॅक्टान्शियस आणि युसेबियस हे ख्रिस्ती लेखक सांगतात. तपशिलात दोघांचे जुळत नाही, पण पुढे हे चिन्ह साम्राज्याच्या ध्वजावर आणि नाण्यांवर चढले, हे खरे. त्यावरून काही जण म्हणतात की संक्षेपाची ही सगळी कल्पना राजसत्तेची, तिचा श्रद्धेशी संबंध नाही. काळाचा क्रम पाहिला की हे टिकत नाही. सम्राटाच्या आधी शंभरहून अधिक वर्षे, छळाच्या दिवसांत, ज्यांच्या हाती सत्ता नव्हती आणि जिवाची शाश्वतीही नव्हती असे लोक ही आखूड नामे लिहीत होते. सम्राटाने ती रीत उचलली.

तुमच्या ज्येष्ठांना मला एकच पान दाखवता आले असते, तर मी 'बुक ऑफ केल्स'चे दाखवले असते. इ.स. ८०० च्या सुमारास आयरिश परंपरेतल्या मठवासीयांनी वासराच्या कातड्यावर लिहिलेली ही लॅटिन शुभवर्तमाने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानाचा आरंभ कसा होतो ते आठवा. पहिली सतरा वचने वंशावळीची : अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. अठराव्या वचनापासून येशूच्या जन्माची हकिगत सुरू होते, म्हणजे नाताळची कथा खऱ्या अर्थाने तिथून पुढे. त्या वचनातला पहिला शब्द 'ख्रिस्ताचा'. तो लिहिताना लेखनिकाने फक्त तीन अक्षरे घेतली, खी, रो आणि शेवटची मात्रा दाखवणारा 'आय', आणि एवढ्या तीन अक्षरांना त्याने जवळजवळ अख्खे पान दिले.

त्या पानावर खीचा एक बाहू वरून खाली तिरका झेपावत गेला आहे. त्याच्या पोटात वेटोळ्यांत वेटोळी, चक्रांत चक्रे अशी नक्षी इतकी बारीक भरली आहे की नीट पाहायला भिंग घ्यावे लागते. रोचे वळण जिथे संपते तिथे माणसाचे एक छोटे डोके आहे. अक्षराच्या डाव्या कडेला देवदूत आहेत, वर पतंग आहेत. खाली पाहिले तर मांजरे बसली आहेत आणि त्यांच्यापुढे उंदीर एक गोल चकती कुरतडताहेत. ती मिस्सातली पवित्र भाकर असावी असे बरेच जण मानतात. जवळच एक काळे ऊद मांजर तोंडात मासा धरून आहे. आकाश, जमीन आणि पाणी, तिन्हींतले जीव त्या एका नावाच्या आडोशाला आणून बसवले आहेत. ज्याने हे पान काढले त्याला घाई नव्हती आणि जागेची टंचाई तर नव्हतीच. तरी त्याने नाव आखूडच लिहिले, कारण त्याच्या लेखी तेच त्या नावाचे सर्वांत गौरवाचे रूप होते. माझ्या मते तुमच्या फाटकावरच्या वादाचे याहून चांगले उत्तर कोणत्याही युक्तिवादात नाही.

तिथून फलकापर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगतो. लॅटिन लिहिणारे ग्रीक अक्षरांची रूपे तशीच ठेवत, उच्चार मात्र आपल्या भाषेत करत. हीच सवय इंग्लंडच्या लेखनिकांना लागली. 'मस' म्हणजे मिस्सा आणि ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. हा शब्द जुन्या इंग्रजीत खी-रोने सुरू करून लिहिलेला अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये सुमारे ११०० सालचा सापडतो. पुढे रो गळून नुसता खी उरला. १५५१ सालच्या एका लेखनात असे आखूड रूप आहे आणि १८११ साली कवी बायरनने वापरले ते तर आजच्या फलकावरचेच. दुकानांच्या जाहिराती यानंतरच्या. ख्रिस्तोफर कोलंबसही आपल्या सहीत नावाचा पहिला भाग खी-रोने लिही आणि दुसरा भाग, 'वाहणारा' या अर्थाचा, लॅटिनमध्ये. स्वतःला ख्रिस्ताचा वाहक म्हणवण्यात त्याला केवढा अभिमान होता!

अशी आखूड नामे पाहायला डब्लिनला जाण्याची गरज नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझुसच्या बॅसिलिकेसमोर उभे राहून मान वर केली, तर दर्शनी भिंतीच्या माथ्यावर 'आय', 'एच', 'एस' ही तीन अक्षरे दगडात कोरलेली दिसतात. १६०५ साली पवित्र केलेले हे मंदिर येशूसंघीयांचे, आणि ती अक्षरे त्यांच्या संघाच्या बोधचिन्हातली. 'येशू, मानवांचा तारणारा' या अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत, असा उलगडा पुष्कळदा ऐकायला मिळतो. तो भाविक आहे, सुंदरही आहे, पण मागाहून जुळवलेला आहे. मुळात ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे. त्यांतले मधले ग्रीकमध्ये दीर्घ स्वराचे अक्षर आहे, ते रोमन 'एच'सारखे दिसते म्हणून वाचणारे फसले आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये येशूचे नाव चक्क 'एच' घालून लिहिले जाऊ लागले. 'एक्स'च्या बाबतीत आज आपली होते तीच फसगत. ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या येशूच्या चित्रांवर दोन बाजूंना दोन-दोन अक्षरे आणि वर रेघ असते, तीही हीच आखूड नामे. आणि तुमच्या स्वतःच्या चर्चमध्ये धर्मगुरूंचे मिस्साचे वस्त्र किंवा वेदीवरचे कापड एकदा निरखून पाहा. खी-रोचे भरतकाम अशा ठिकाणी हमखास असते. एरवी त्याच्यापुढे गुडघे टेकणाऱ्या माणसाला फलकावरच्या खीची भीती वाटावी, याचे कारण ओळख नसणे एवढेच आहे.

मराठीतही आपण येशूचे नाव रोज आखूड करतो, ते ध्यानात येत नाही इतकेच. 'इ.स.' म्हणजे इसवी सन, आणि इसवी म्हणजे ईसाचा. येशूचे अरबी नाव ईसा, ते फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. वर मी 'इ.स. २००' लिहिले तेव्हा येशूच्या नावातले एक अक्षर ठेवले आणि बाकीचे टिंबात मिटवले. लग्नाच्या नोंदवहीत, थडग्यावरच्या दगडावर, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे रूप असते आणि कोणी हरकत घेत नाही. इंग्रजीत ख्रिस्तपूर्व काळ दाखवताना 'बी.सी.' लिहितात, त्यातला एकटा 'सी' म्हणजे ख्रिस्त. त्यालाही कोणी अपमान म्हणत नाही. तेव्हा आखूड करण्यालाच विरोध असेल तर तो सगळीकडे असायला हवा.

मग विरोध नेमका याच शब्दाला का? इथे ज्येष्ठांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांचे दुखणे खोटे नाही. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, हे आखूड रूप दुकानांच्या पाट्यांवर आणि सवलतींच्या जाहिरातींवर इतके चढले की त्याला बाजाराचा वास लागला. १९५४ साली सी. एस. लुईस या मातब्बर ख्रिस्ती लेखकाने एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्याने एकाच हंगामातले दोन सण कल्पिले : एक भेटवस्तूंच्या धावपळीचा, दुसरा प्रार्थनेचा. पहिल्याला त्याने हेच आखूड नाव दिले. लुईस जुन्या साहित्याचा गाढा अभ्यासक होता. पण त्याच्या काळापर्यंत कानांना त्या रूपात बाजारच ऐकू येऊ लागला होता, हे त्यावरून दिसते. १९७७ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचे गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन यांनी तर वृत्तपत्रांना पत्रकच काढले की ख्रिसमसमधला ख्रिस्त राहू द्या, हे आखूड रूप मूर्तिपूजकांचे आहे. इतिहास म्हणून ते साफ चुकीचे. मात्र ज्या गोष्टीने ते अस्वस्थ झाले होते ती त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती. सणातला पाळणा मागे पडत होता आणि खरेदी पुढे सरकत होती.

माझे म्हणणे एवढेच की ती अस्वस्थता बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या अक्षरावर निघते आहे. पूर्ण स्पेलिंग छापून भरवलेल्या सवलतींच्या जत्रेत ख्रिस्ताचा मान वाढत नाही. आणि मिस्साला जाऊन आलेल्या मुलीने मैत्रिणीला घाईघाईने आखूड रूपात शुभेच्छा पाठवल्या, तर तो कमीही होत नाही.

काही जण दहा आज्ञांचा दाखला देतात : देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये. ती आज्ञा खोट्या शपथेविरुद्ध आणि नावाच्या थिल्लर वापराविरुद्ध आहे. नाव किती अक्षरांत लिहावे याबद्दल ती काही सांगत नाही. तसे पाहिले तर 'ख्रिसमस' हा शब्दही बायबलात नाही. सणाचे नाव जिथल्या तिथल्या भाषेने ठेवले. फ्रेंच 'नोएल', स्पॅनिश 'नाविदाद', पोर्तुगीज 'नाताल' आणि त्यावरून आलेले आपले नाताळ, यांतल्या एकातही ख्रिस्ताचे नाव नाही. म्हणून काही वसईच्या किंवा गोव्याच्या नाताळात ख्रिस्त उणा पडत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न : वापरावे की न वापरावे? यात पाप नाही आणि पुण्यही नाही. ज्याने त्याने ठरवायची ही गोष्ट आहे. पण काही ठिकाणी तारतम्य लागते, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

वाचताना ते अक्षर 'एक्स' म्हणून वाचू नये. लिहिलेले आखूड असले तरी तोंडाने 'ख्रिसमस' म्हणावे, जसे 'डॉ.' लिहून आपण डॉक्टर म्हणतो. आणि देवनागरीत 'एक्समस' लिहिणे मात्र मला साफ नापसंत आहे. रोमन लिपीत ते अक्षर खीच्या आकाराचे असते, म्हणून जाणत्याला त्यात ख्रिस्ताचे नाव दिसते. देवनागरीत आणले की आकार जातो आणि इंग्रजी अक्षराचा उच्चार तेवढा उरतो. दीड-पावणेदोन हजार वर्षांचा धागा तिथे तुटतो. अलीकडे जाहिरातींत आणि मोबाइलवरच्या संदेशांत हे रूप दिसू लागले आहे. मराठी लिहिणाऱ्यांनी, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, ते टाळलेले बरे. आपल्याकडे 'नाताळ' आहे, 'ख्रिसमस' आहे. दोन्ही लहान आहेत, जागा मुळीच अडवत नाहीत.

फलकाबद्दल विचाराल तर मी पूर्ण शब्द लिहावा असे म्हणेन, पण ज्येष्ठ देतात त्या कारणासाठी नव्हे. संक्षेप हा ओळखीच्यांमधला व्यवहार असतो. पत्रात, वहीत, कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात तो शोभतो. फाटकावरचा फलक रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकासाठी असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना खी ठाऊक नसणार. सगळ्यांना सांगायची गोष्ट सगळ्यांना वाचता येईल अशी लिहावी. फलक छापून झालाच असेल आणि नवा करणे परवडत नसेल, तर तो खुशाल लावा. मिस्सानंतरच्या सूचनांच्या वेळी त्या अक्षराची हकिगत मुलांपैकीच एखाद्याने पाच मिनिटे सांगावी.

याहून मोठा भाग दोन्ही पक्षांनी एकमेकांशी कसे वागावे याचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात संत पौल अगदी अशाच वादांना हात घालतो : कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो. कोणी सर्व काही खातो, कोणी फक्त भाजीपाला. त्याचा निवाडा असा की ज्याला मोकळीक वाटते त्याने अडखळणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि अडखळणाऱ्याने मोकळ्याला दोषी ठरवू नये. मुलांना इतिहास कळला म्हणून त्यांनी तो ज्येष्ठांच्या तोंडावर फेकू नये. ज्या पिढीने ते नाव आयुष्यभर आदराने घेतले तिला ते कापलेले पाहून कळवळायला होते, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आणि ज्येष्ठांनीही एका अक्षरावरून मुलांची श्रद्धा मोजू नये. नाताळचा गोठा बांधायला, रात्री जागून तारे टांगायला आणि फलकासाठी पैसे गोळा करायला तीच मुले पुढे आली होती.

शेवटी एक जोडशंका, कारण हा विषय निघाला की ती कोणी ना कोणी विचारतेच : सेंट झेवियरच्या इंग्रजी नावातला 'एक्स'ही ख्रिस्ताचाच का? नाही. फ्रान्सिस झेवियर हे १५४२ साली गोव्यात आले. त्यांचा जन्म १५०६ सालचा, स्पेनच्या उत्तरेकडील नव्हार प्रांतातल्या एका गढीतला. त्या गढीचे नाव त्यांच्या नावाला चिकटले. ते नाव बास्क भाषेतले, त्याचा अर्थ 'नवे घर'. जुन्या स्पॅनिशमध्ये तो 'एक्स' 'श'सारखा उच्चारत आणि पोर्तुगीजमध्ये अजूनही त्या नावाचा उच्चार 'शाविएर' असाच करतात. त्या 'एक्स'मागे खी नाही.